कर्मणी प्रयोग

सायखेड्याच्या शाळेत, सातवीत,
खोंडे मास्तरांनी फळ्यावर लिहिलं:
वेणूने फूल खुडले.
माझंच नाव, म्हणून मी हसले.
मास्तर म्हणाले, इथं क्रियापद वेणूचं ऐकत नाही,
फुलाचं ऐकतं. याला कर्मणी प्रयोग म्हणतात.
मागच्या चटईवरून कौतिका नगराळे उठली,
"पण गुरुजी, खुडलं तं वेणूनं ना?
मंग तिचं काहून ऐकत नाई?"
मास्तरांनी तिला खाली बसवलं.

त्या साली पोळा झाल्यावर शाळा बुडवून
आम्ही दोघी संकरित कपाशीच्या प्लॉटवर.
दुपारून उद्याची कळी सोलायची,
अंगठ्याच्या नखानं पाकळ्या, केसर, सगळं काढायचं,
मधली काडी तेवढी ठेवायची,
तिला तांबड्या कागदाची टोपी.
सकाळी नर फूल आणून घासायचं. एका नरात पाच.
साहेबाच्या वहीत दोन रकाने: नर ओळ, मादी ओळ.
कौतिका म्हणाली, "फूल तं दोन्ही होतं, साहेब.
काल दुपारी आमी सोललं, तवा हे मादी झालं."
साहेबानं रोजी कापली नाही,
दुसऱ्या दिवसापासून तिला पाणी वाहायला लावलं.

पुढचं मला ऐकून माहीत.
यवतमाळ, मग नागपूरला वनस्पतिशास्त्र,
मग पुणं, जिथं तिच्या प्रबंधावर
कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, हे विज्ञान नव्हे.
तत्त्वज्ञानवाले म्हणाले, या बाई फुलांच्या.
तीस वर्षं तिनं दोनच शब्दांचा पाठलाग केला:
करण्यात आले.
परागीभवन करण्यात आले. नोंद घेण्यात आली.
ती पोरांना विचारायची, आलं ते कोण?
कुठल्या गावचं, किती वाजता, रोजी काय,
आणि तिला काय दिसलं होतं,
जे वहीत रकाना नव्हता म्हणून राहिलं?
परिषदेत लोक माना डोलवायचे,
चहाच्या वेळी तिच्याजवळ कोणी नसायचं.
हे तिनंच सांगितलं, हसत,
माझ्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता.

तेव्हा तिचे केस पिकले होते.
वही उघडून म्हणाली, तुमाले काय माहीत हाय ते सांगा.
आमाले काय माहीत, बाप्पा.
ती गप्प बसली. तीन दिवस.
चौथ्या दिवशी दुर्पता बोलली:
ढगाळ सकाळी नर फूल उशिरा उमलते,
घाईनं घासलं तर बोंड धरत नाही, गळते,
म्हणून त्या दिवशी आम्ही आधी भाकर खातो.
साहेबाला वाटायचं, आळशी बाया.
कौतिका लिहिता लिहिता थांबली. चष्मा पुसला.
"कवापासून?"
"पयल्या सालापासून. तू पाणी वाहत होती."

तिनं लेख लिहिला. वर आठ नावं, तिचं शेवटी.
नियतकालिकानं कळवलं,
बायांचे आभार मानता येतील, शेवटच्या पानावर.
तिनं तो मागे घेतला, मराठीत लिहिला,
आणि वणीच्या लग्नपत्रिकांच्या प्रेसमधून काढला,
दोनशे प्रती. कोपऱ्यात चुकून कलश राहिला.
माझं नाव त्यात 'वेनू' आहे.

गेल्या महिन्यात ती गेली.
शाळेत सभा झाली, मला बोलायला उभं केलं.
मी म्हटलं, मोठी होती, हे खरंच,
पण त्या यादीत मारुबाई टेकाम नाही.
पोडावरून यायची, अर्ध्या रोजीवर,
बांधावर बसून तांबड्या टोप्या गुंडाळायची, हजारांनी.
झाडाजवळ कधी दिसली नाही,
म्हणून कोणाच्या ध्यानात नाही. माझ्याही नव्हती.
आठवलं तेव्हा मी कौतिकाला फोन केला होता.
पलीकडे कितीतरी वेळ काहीच नाही.
मग म्हणाली, "लिहून ठेव, वेणू. तुह्याजवळच्या प्रतीत."

घरी येऊन मी लिहिलं, निळ्या पेनानं,
कलशाच्या खाली, समासात:
टोप्या मारुबाईने केल्या.
आणि पाहिलं तर
क्रियापद अजून टोप्यांचंच ऐकत होतं.